निर्वातातून एन्टँगलमेंट उपसताना: दोन डिटेक्टर आणि मधला गोंगाट

प्रश्न असा आहे. दोन अणू एकमेकांपासून इतके लांब ठेवले, की प्रयोग संपेपर्यंत प्रकाशसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे पोचणार नाही. दोघेही तळाच्या ऊर्जापातळीवर, भोवती निर्वात. थोडा वेळ दोघांची अवकाशभर पसरलेल्या पुंज क्षेत्राशी जोड चालू केली आणि बंद केली. एकमेकांशी अवाक्षर न बोललेल्या या दोघांत एन्टँगलमेंट, म्हणजे साध्या माहितीच्या देवाणघेवाणीने न उलगडणारी पुंज गुंतागुंत, कुठून येते? ती फुकट मिळते का? आणि हे कोणी करून दाखवलंय का?

आधी थेट उत्तर देतो. एन्टँगलमेंट क्षेत्रात आधीपासूनच असते, डिटेक्टर, म्हणजे इथे हे दोन अणू, ती फक्त उचलतात. फुकट काही मिळत नाही. आणि दोन क्युबिट (दोन पातळ्यांच्या पुंज प्रणाली) एकमेकांच्या प्रकाशशंकूबाहेर, म्हणजे प्रकाशही वेळेत पोचणार नाही असे ठेवून ती उचलल्याचा निर्विवाद प्रयोग अजून झालेला नाही. निर्वातात एन्टँगलमेंट आहे की नाही, हा वाद केव्हाच मिटला. खरी अडचण आहे ती डिटेक्टरच्या स्वतःच्या गोंगाटाची. एखादी गोष्ट अस्तित्वात असणं वेगळं आणि ती हाताला लागणं वेगळं. माझी बरीच वर्षं या दोहोंमधला फरक मोजण्यातच गेली आहेत.

निर्वात म्हणजे काहीच नाही, ही समजूत पुंज क्षेत्राला लागू पडत नाही. निर्वात ही क्षेत्राची सर्वात कमी ऊर्जेची अवस्था. त्या अवस्थेत क्षेत्राची सरासरी किंमत शून्य असते, पण दोन बिंदूंवरच्या किमतींचा गुणाकार सरासरीत शून्य येत नाही. वस्तुमान नसलेल्या क्षेत्रासाठी एकाच क्षणी दोन ठिकाणांमधला हा सहसंबंध अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणजे हळूहळू विरतो, कुठेही तुटत नाही. हा सहसंबंध नुसता सांख्यिकी नाही, अस्सल पुंज आहे, हे समर्स आणि वर्नर यांनी १९८० च्या दशकात गणिताने दाखवलं: मुक्त क्षेत्राच्या निर्वात अवस्थेत बेलची असमानता (अभिजात सहसंबंधांना ओलांडता न येणारी मर्यादा) मोडते, आणि लगतचे प्रदेश घेतले तर पुंजसिद्धांत परवानगी देतो त्या कमाल मर्यादेपर्यंत मोडते.

पण समर्स-वर्नर यांचं प्रमेय वाचून प्रयोगशाळेत काय करायचं ते कळत नाही. क्षेत्राचे कोणते गुणधर्म मोजायचे याबद्दल ते जवळजवळ गप्प आहे. म्हणून डिटेक्टर आला. उनरूने १९७६ मध्ये आणि डिविटने १९७९ मध्ये ज्याला आकार दिला, तो डिटेक्टर अगदी साधा: दोन पातळ्यांची एक प्रणाली, दोन पातळ्यांत ठरावीक ऊर्जेचं अंतर, आणि क्षेत्राशी एक जोड जी आपण चालू-बंद करू शकतो. अशी जोडगोळी वापरून निर्वातातून सहसंबंध काढता येतील हे व्हॅलेंटिनीने १९९१ मध्ये दाखवलं. रेझनिकने २००३ मध्ये त्याला आज आपण वापरतो तशी मांडणी दिली. इंग्रजीत याला ‘पीक काढणं’ अशा अर्थाचा शब्द रुळलाय. मला तो फारसा पटत नाही. आपण काही पेरलेलं नसतं. विहीर आयती आहे, आपण फक्त उपसतो. म्हणून मी उपसणं म्हणतो.

आता यंत्रणा. दोन्ही डिटेक्टर तळाच्या पातळीवर सुरू होतात. जोड कमकुवत धरली तर दुसऱ्या क्रमापर्यंत फक्त दोन आकडे महत्त्वाचे ठरतात. पहिल्याला प म्हणू: एकटा डिटेक्टर उडी मारून वर जाण्याची आणि जाताना क्षेत्रात एक पुंज सोडून जाण्याची शक्यता. दुसऱ्याला क्ष म्हणू: दोन्ही डिटेक्टर एकदम वर गेले आणि क्षेत्र मात्र पुन्हा निर्वातातच परतलं, याचा आयाम (ज्याच्या वर्गातून शक्यता निघते ती संख्या). क्ष मध्ये क्षेत्रावर काही खूण राहत नाही, त्यामुळे ‘दोघे खाली’ आणि ‘दोघे वर’ या दोन शक्यता एकमेकींशी सुसंगत राहतात. एन्टँगलमेंट म्हणजे नेमकी हीच सुसंगती. प मध्ये मात्र सुटलेला पुंज चुगलखोर असतो. कोणता डिटेक्टर उडाला ते तो क्षेत्रात लिहून ठेवतो, आणि ती माहिती आपल्या हातून गेलेली असते. दोन्ही डिटेक्टर सारखे असतील तर हिशोब एवढाच उरतो: क्ष चा आकार वजा प. उत्तर धन आलं तर एन्टँगलमेंट मिळाली, आणि तिचं कॉन्करन्स हे माप त्याच्या दुप्पट. ऋण आलं तर शून्य.

बहुतेकांची गल्लत इथेच होते. ‘निर्वातात सहसंबंध आहेत, मग डिटेक्टरना ते मिळणारच’ असं वाटतं. सहसंबंध मिळतात हे खरं, परस्पर-माहिती (एकूण सहसंबंधाचं माप) जवळजवळ नेहमीच शून्याच्या वर असते. पण एन्टँगलमेंट मिळायला क्ष ने प वर मात करावी लागते, आणि प हा डिटेक्टर एकटा असता तरी असणारच होता. तो निर्वाताचा गोंगाट आहे, शेजारी दुसरा डिटेक्टर असो वा नसो.

बोलण्यापेक्षा आकडे पाहू. तीन मिती अधिक काळ, वस्तुमान नसलेलं अदिश (प्रत्येक बिंदूवर फक्त एक संख्या असलेलं) क्षेत्र, बिंदूएवढे स्थिर डिटेक्टर, आणि जोड घंटेच्या आकाराच्या गॉसियन वक्राने चालू-बंद होणारी. या मांडणीत उत्तर कागदावर काढता येतं, म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी हेच गणित आधी करायला लावतो. दोन शुद्ध संख्या पुरतात. ऊर्जा-अंक म्हणजे पातळ्यांमधल्या अंतराची कोनीय वारंवारिता गुणिले गॉसियनची रुंदी. अंतर-अंक म्हणजे डिटेक्टरमधलं अंतर भागिले त्या रुंदीत प्रकाश जितका जातो तितकं अंतर. खालचे प आणि क्ष चे सगळे आकडे जोडीच्या स्थिरांकाच्या (क्षेत्राशी जोड किती घट्ट, ते सांगणारा आकडा) वर्गाने गुणायचे आहेत, ते धरून चालू.

अंतर-अंक ७ घ्या, म्हणजे डिटेक्टर व्यवस्थित लांब. ऊर्जा-अंक १ ठेवला तर क्ष येतो ०.००१२५ आणि प येतो ०.००७१. प ने क्ष ला सरळ गिळलं. एन्टँगलमेंट शून्य. आता डिटेक्टर जिथे आहेत तिथेच ठेवा, वेळही तीच, फक्त पातळ्यांमधलं अंतर चौपट करा. ऊर्जा-अंक ४ झाला. क्ष घसरून ०.३८ अब्जांशावर येतो, पण प त्याहून जास्त घसरून ०.२६ अब्जांशावर. वजाबाकी धन! एन्टँगलमेंट मिळाली, आणि तीही डिटेक्टर निर्वाताला अधिक बहिरा करून.

असं का होतं? दोन्ही आकड्यांत एक सामाईक घसरण आहे, ऊर्जा-अंकाच्या वर्गाबरोबर घातांकी वेगाने होणारी. ती बाजूला काढली तर क्ष उरतो तो अंतर-अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि प उरतो तो ऊर्जा-अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. दोन्ही अंक मोठे असतील तर अट अगदी साधी निघते: अंतर-अंक हा ऊर्जा-अंकाच्या दुपटीपेक्षा लहान हवा. म्हणजे तत्त्वतः कितीही लांबून उपसा करता येतो, पातळ्यांमधलं अंतर वाढवत न्या. मात्र ती सामाईक घसरण पाठ सोडत नाही. दोर हवा तेवढा लांब मिळतो, पण घागर दर वावेला आणखी लहान होत जाते.

किती लहान, ते वरच्याच उदाहरणात बघा. जोडीचा स्थिरांक ०.१ धरला तर कॉन्करन्स येतो एक लाख कोटींत अडीच. आता अतिसंवाहक क्युबिट घ्या, ५ गिगाहर्ट्झचा, २० मिलिकेल्विनवर थंड केलेला. ५ गिगाहर्ट्झची ऊर्जा तापमानात मोजली तर ०.२४ केल्विन भरते, म्हणजे केवळ उष्णतेने तो क्युबिट वरच्या पातळीवर सापडण्याची शक्यता दहा लाखांत सहा. निर्वाताच्या ज्या प शी आपण झुंजत होतो, त्याच्या वीस लाख पटींहूनही जास्त. निर्वाताचा आवाज ऐकायला बसावं आणि शेजारी ढोल वाजावा, तशी गत.

यावरची उघड वाट म्हणजे डिटेक्टर जवळ आणणं. अंतर-अंक ५ आणि ऊर्जा-अंक ३ केला, तर उत्पन्न आधीच्या जवळजवळ ३,२०० पट होतं. मोह होतोच. पण इथे दुसरा सापळा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात नाजूक जागा हीच.

क्ष मध्ये क्षेत्राच्या दोन बिंदूंना जोडणारं जे फलन येतं ते फाइनमन प्रोपगेटर. त्याचे दोन भाग पडतात. एक सममित भाग, जो निर्वाताचा अस्सल सहसंबंध. दुसरा कम्युटेटरचा (दोन राशींचा क्रम बदलल्यावर गुणाकारात पडणाऱ्या फरकाचा) भाग, जो क्षेत्राच्या अवस्थेवर अवलंबूनच नाही. तो फक्त एका डिटेक्टरकडून दुसऱ्याकडे जाणारा निरोप आहे. प्रकाशशंकूच्या बाहेर तो शून्य असतो. पण गॉसियनला शेपट्या असतात, त्या कधीच पूर्ण संपत नाहीत, आणि त्या शेपट्यांतून निरोप झिरपतो. अंतर-अंक ७ ला क्ष मधला निरोपाचा भाग अस्सल भागाच्या एक लाखांत तीनइतका असतो. ५ ला तो पाऊण टक्क्याच्या आसपास जातो. २ ला अस्सल भागाच्या साठ टक्के. हे सगळं एकाच सूत्रातून बाहेर पडतं, आणि शेवटचा एन्टँगलमेंटचा आकडा पाहून कोणता भाग किती हे ओळखता येत नाही.

त्होआ आणि मार्टिन-मार्टिनेझ यांनी २०२१ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. डिटेक्टर प्रकाशाने जोडले जाऊ शकतात अशा जागी असतील, तर मिळणारी एन्टँगलमेंट मुख्यतः निरोपातून आलेली असू शकते. तिला निर्वाताचा उपसा म्हणणं चुकीचं. ‘अमुक मांडणीत एन्टँगलमेंट कैक पटींनी वाढली’ असा दावा कुणी समोर ठेवला की मी आधी हेच विचारतो: कम्युटेटरचा भाग वेगळा काढून दाखवलात का? बऱ्याचदा तिथेच चर्चा आटोपते.

वस्तुमान नसलेल्या क्षेत्राबाबत तीन मितींत एक सोय आहे. निरोप फक्त प्रकाशशंकूच्या पृष्ठभागावरून धावतो, आत रेंगाळत नाही. त्यामुळे दुसरा डिटेक्टर पहिल्याच्या बऱ्याच नंतर, शंकूच्या खोल आत चालू केला, तरी त्याला निरोप मिळत नाही आणि निर्वाताचा सहसंबंध मात्र मिळतो. भूतकाळ आणि भविष्यकाळ यांच्यातली ही एन्टँगलमेंट अतिसंवाहक परिपथांत काढण्याचा प्रस्ताव साबिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडला होता. दोन मितींच्या अवकाशात ही सोय नाही. तिथे निरोपाचा प्रतिध्वनी शंकूच्या आत घुमत राहतो.

ऊर्जेचं काय? फुकट नाही, हे वर म्हटलंच. दोघे वर गेले तर त्यांना ऊर्जा कुठून मिळाली? निर्वाताकडे द्यायला काही नाही. ऊर्जा येते जोड चालू-बंद करणाऱ्याकडून. काळावर अवलंबून असलेली जोड म्हणजे बाहेरून केलेलं काम. म्हणूनच जोड अनंतकाळ, हळुवारपणे चालू ठेवली तर स्थिर डिटेक्टर उडीच मारत नाही. उलट जोड झटक्यात चालू केली तरी पंचाईत. मी अगदी सुरुवातीला हा हिशोब संगणकावर केला तेव्हा चौकोनी स्विचिंग घेतलं होतं: आत्ता बंद, आत्ता चालू. काळाचे तुकडे पाडणारी जाळी जितकी बारीक करावी तितका प वाढत जाई. दोन दिवस मी प्रोग्रॅममधली चूक शोधत होतो. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. बिंदूएवढा डिटेक्टर झटक्यात चालू केला की प लॉगरिदमच्या गतीने अनंताकडे जातो. तेव्हापासून कुणी चौकोनी स्विचिंग दाखवलं की मी उत्तर वाचायच्या आधी जाळीचा आकार विचारतो.

वेळ संपूर्ण शून्यावर आणून, एकाच क्षणी एकच जोरदार टोला दिला तर? मग अनंताची अडचण डिटेक्टरला थोडा आकार देऊन टाळता येते आणि गणित अचूक सुटतं, कमकुवत जोड धरायचीही गरज नाही. पण हाती काही लागत नाही. सिमिझिया, जॉन्सन आणि मार्टिन-मार्टिनेझ यांनी २०१८ मध्ये सिद्ध केलं की असा एकच टोला मारणारा डिटेक्टर क्षेत्रातून एन्टँगलमेंट काढूच शकत नाही. त्या एका क्षणी तो क्षेत्राच्या एकाच राशीशी बोलतो, आणि एकच राशी मोजल्याने पुंज सहसंबंध पलीकडे जात नाही, अभिजात माहिती तेवढी जाते. त्याआधी २०१७ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला होता: दोन्ही पातळ्यांची ऊर्जा सारखीच असेल तर प्रकाशशंकूबाहेर उपसा शून्य. कारण तेच, डिटेक्टरच्या स्वतःच्या आतल्या हालचालीला वावच उरत नाही. उपसायला थोडा वेळ लागतो आणि त्या वेळात डिटेक्टरची अवस्था स्वतःही बदलत राहावी लागते.

हे तंत्र लोकांना आवडतं ते बहुधा वक्र अवकाशामुळे. व्हर स्टीग आणि मेनिकुची यांनी २००९ मध्ये दाखवलेली गोष्ट मला आजही सुंदर वाटते. घातांकी वेगाने प्रसरण पावणाऱ्या विश्वाच्या निर्वातात एकटा डिटेक्टर ठेवला, तर त्याला साध्या गरम अवकाशात ठेवल्यासारखंच वाटतं. दोहोंत फरक करणं त्याला जमत नाही. दोन डिटेक्टर ठेवले आणि एन्टँगलमेंट तपासली, तर फरक कळतो. एन्टँगलमेंट इथे पीक नाही, उपकरण आहे. कृष्णविवरांवरचं काम २०१८ नंतर बरंच वाढलं. त्यातला मुख्य निष्कर्ष असा, की क्षितिजाच्या फार जवळ उपसा बंद पडतो, कारण तिथे स्थिर डिटेक्टरला जाणवणारं तापमान वाढत जातं आणि प पुन्हा वरचढ ठरतो. शेवटी तोच हिशोब.

एक गंभीर आक्षेपही सांगायला हवा. आपला डिटेक्टर तळाच्या शुद्ध (बाहेरच्या कशाशीही न गुंतलेल्या) अवस्थेत सुरू होतो असं आपण गृहीत धरतो. पण डिटेक्टर स्वतःही कुठल्या तरी क्षेत्राचाच बनलेला असणार, आणि मर्यादित प्रदेशातला क्षेत्राचा तुकडा शुद्ध अवस्थेत असू शकत नाही, तो आधीच बाहेरच्याशी गुंतलेला असतो. रूप यांनी २०२१ मध्ये याच आधारावर दावा केला की काटेकोर स्थानिक डिटेक्टर कमकुवत जोडीने काहीच उपसू शकणार नाही. त्यावर नंतर उत्तरं आली: विभवाच्या खड्ड्यात अडकवलेलं क्षेत्र डिटेक्टर म्हणून घेतलं, तर संपूर्ण सापेक्षतावादी मांडणीतही उपसा होतो. माझं मत विचाराल तर आक्षेप तर्काला धरून आहे, पण खऱ्या अणूला त्याचा चटका फारसा बसत नाही. अणूची शेपटी घातांकी विरते. ती तंतोतंत शून्य होत नाही हे खरं, पण ती गळती मोजता येते आणि क्ष शी ताडून पाहता येते. ते ताडून न पाहता ‘काटेकोर स्थानिक’ हा शब्द वापरू नये, एवढं मात्र मी आता पाळतो.

प्रयोगाकडे वळू. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये झिंक टेल्युराइडच्या थंड स्फटिकातून दोन लेसर स्पंद सोडून विद्युतक्षेत्राच्या निर्वातातला सहसंबंध मोजला, आणि २०२२ मध्ये तो प्रकाशशंकूबाहेरही दिसल्याचं दाखवलं. काम अप्रतिम आहे. पण ते सहसंबंधाचं मापन आहे, दोन डिटेक्टरमधल्या एन्टँगलमेंटचं नाही. बातम्यांत या दोहोंची सरमिसळ होते. वरच्या भाषेत सांगायचं तर सहसंबंध दिसला, प वर मात झाल्याचं दिसलेलं नाही.

माझी पैज अतिसंवाहक परिपथांवर आहे. वरचाच ऊर्जा-अंक ४ घ्या: ५ गिगाहर्ट्झला गॉसियनची रुंदी येते सुमारे ०.१३ नॅनोसेकंद, आणि अंतर-अंक ७ साठी प्रकाशाच्या वेगाने अंतर येतं २७ सेंटिमीटर, तारेत त्याहून कमी. अंतर ही अडचण नाहीच. २०२३ मध्ये ईटीएचमध्येच ३० मीटर लांबीच्या थंड नळीच्या दोन टोकांना अतिसंवाहक क्युबिट ठेवून पळवाटा बंद केलेली बेल चाचणी झाली आहे. तिथली एन्टँगलमेंट मात्र मुद्दाम पाठवलेल्या फोटॉनची होती, निर्वाताची नव्हे. अडचण दोन ठिकाणी आहे. जोड नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, कडा मऊ ठेवून चालू-बंद करायची, आणि त्याच वेळी ती जोड इतकी जबरदस्त ठेवायची की लाख कोटींतले अडीच वाढून उष्णतेच्या गोंगाटाच्या वर यावेत. अतिप्रबळ जोड प्रयोगशाळेत केव्हाच साधली आहे. ती इतक्या वेगाने बंद करता येणं ही वेगळी कला. शिवाय जोड प्रबळ झाली की माझं दुसऱ्या क्रमाचं गणित कोलमडतं आणि वर दिलेले आकडे फक्त दिशा दाखवण्यापुरते उरतात.

तुम्ही स्वतः हिशोब करून पाहणार असाल तर गॉसियनपासूनच सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. तेच गणित शेपटी नसलेल्या, ठरावीक वेळी पूर्ण शून्य होणाऱ्या मऊ वक्राने पुन्हा करा. तेव्हा कम्युटेटरचा भाग खरोखर शून्य होईल, पण प पूर्वीइतका झपाट्याने घसरणार नाही, कारण शेपटी कापली की वारंवारितेच्या बाजूला ती उगवते. गॉसियनने दिलेली धन वजाबाकी त्यात टिकते का, ते आधी बघा. आणि जाळी बारीक करून एकदा तपासा.